वास ठीक

“चूक तुमची आहे, चाचा. अजून कितीदा सांगू? करा सही.”

बाबालाल चाचांनी कागद हातात घेतला नाही. उपड्या कॅनवर बसून ते पायांवर पाणी ओतून घेत होते. गावोगावच्या दूधगाड्या संघाच्या ज्या डॉकवर रिकाम्या होतात, तिथलीच फरशी. सकाळच्या गाड्या कधीच गेल्या होत्या.

“काय लिहिलंय?”

“वाचा की.”

“चष्मा घरी हाय. तूच वाच.”

धैर्यशीलनं वाचलं. “‘कॅनचा वास घेण्याची पायरी बंद करण्यापूर्वी मला भर बैठकीत विचारलं होतं. मी हरकत घेतली नाही.’ खाली तुमचं नाव. बाबालाल मुजावर.”

“खरं हाय.”

“खरंच आहे. खोट्यावर मी सही मागत नाही.”

परवा एका अख्ख्या टाकीतलं दूध तापवताना फाटलं होतं. आठ हजार लिटर. तालुक्यात त्या दिवशी दुधाची पिशवी गेली नाही. बाळंतिणीच्या घरीसुद्धा नाही. आज बारा वाजता संचालकांची बैठक होती आणि तिच्यात दोषी म्हणून कुणाचं तरी एक नाव लागणार होतं. चाचांचं, नाहीतर धैर्यशीलचं.

घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

धैर्यशील पिसाळ तेवीस वर्षांचा. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सुटलं. सुटलं म्हटलेलं त्याला चालत नसे. “सुटलं नाही, मी सोडलं,” असं तो समोरच्याला थांबवून सांगायचा. गावात त्याच्या वयाच्या पोरांच्या भिंतीवर डिग्र्या होत्या आणि दिवस पारावर जात होते. हा मात्र संघात कॅन धुवायला लागला.

धुवायला चाचांनीच शिकवलं. सोड्याचं पाणी किती गरम, कडीखालची फट कशी खरवडायची, पाणी घातलेलं दूध कॅनच्या कडेवरून कसं उतरतं… सगळं. एक गोष्ट मात्र शिकवली नाही. वास घेणं. “ते शिकवून येत न्हाई,” म्हणायचे.

मग पोरानं स्वतःचं काहीतरी केलं. पुण्याची कंपनी जे वर्षभरात देणार होती, ते त्यानं चार महिन्यांत, एका जुन्या लॅपटॉपवर उभं केलं. डॉकवर टॅब लावला. प्रत्येक कॅनच्या प्रत्येक पायरीला एक बटण. उतरवला. उघडला. वास ठीक. ओतला. धुवायला दिला. बटण दाबलं की वेळ पडायची. वेळांचे आलेख व्हायचे. चेअरमनच्या केबिनमध्ये भिंतीवर मोठा डॅशबोर्ड लागला, आणि पाहुणा आला की चेअरमन आधी तो दाखवायचे, मग चहा सांगायचे.

अभिमान वाटणारच. का वाटू नये? त्याच्या घरात आजवर भिंतीवर कॅलेंडर सोडून काही लागलं नव्हतं.

“दोन वर्षांचे आकडे होते, चाचा. दोन लाख तेवीस हजार कॅन. त्यात ‘वास ठीक नाही’ किती वेळा दाबलं गेलं?”

“तू सांग.”

“शून्य. आणि ‘उघडला’ नि ‘वास ठीक’ यांच्यामधला वेळ?”

चाचांनी दुसऱ्या पायावर पाणी ओतलं.

“तोही शून्य. दोन्ही बटणं तुम्ही एकदमच दाबत होता. जी पायरी काही तपासत नाही आणि काही अडवत नाही, ती पायरी नसते. नवस असतो. मी नवस काढून टाकला. तुमच्या वाकण्या-उठण्यातली रोजची पस्तीस मिनिटं वाचली.”

“वाचली की.”

“मग मी विचारलं, सगळ्यांच्या समोर. ‘चाचा, तुम्हाला काही म्हणायचंय?’ काय म्हणालात?”

“मशीन म्हणतंय ते खरं.”

“हेच! हेच ते!” धैर्यशीलनं कागद मांडीवर आपटला. “तुम्हा म्हाताऱ्यांची रीतच ही. वेळेला तोंड शिवायचं. आणि भिंत पडली की ढिगाऱ्याशेजारी उभं राहून म्हणायचं, आम्हाला ठाऊकच होतं.”

“मी कुठं म्हटलं ठाऊक होतं?”

“होतं की नाही?”

चाचांनी तांब्या खाली ठेवला…

“होतं.”

धैर्यशीलला वाटलं होतं, म्हातारा नाही म्हणेल. मग भांडता आलं असतं.

“तुझा तो फळा दाव,” चाचा म्हणाले.

“डॅशबोर्ड.”

“तोच.”

एवढ्या रागातही त्यानं टॅब उघडला तो ऐटीत. बोटानं आलेख मोठा केला. हिरवा बाण वर गेलेला.

“हे बघा. वास बंद केला त्या दिवसापासून. आधी रोज सरासरी तीनशे सहा कॅन. नंतर तीनशे बारा. डॉक मोकळा झाला, गाड्यांचा खोळंबा संपला, संकलन वाढलं. याला बैठकीत टाळ्या पडल्या होत्या.”

“सहा वाढले.”

“रोज सहा.”

“कुठनं आले?”

“सांगितलं ना. संकलन वाढलं.”

“किती दिवसांत?”

“तीन आठवड्यांत.”

“तीन आठवड्यांत.” चाचांनी मान डोलावली. “गावच्या म्हशी काय घड्याळ लावून व्याल्या, लेका?”

धैर्यशील हसणार होता. हसला नाही.

त्यानं आलेख परत लहान केला. परत मोठा केला. बाण हिरवाच होता.

“हे सहा… आधी कुठं होते?”

“गाडीत.”

“गाडीत म्हणजे?”

“उतरवतच न्हवते. रात्रीचं उरलेलं, उन्हात थांबलेलं, कुणी न धुतलेल्या कॅनात घातलेलं. गाडीवाल्याला कळतं की. तो कॅन कडेला ठेवायचा, वर पोतं टाकायचं, जाताना माघारी न्यायचा. मी हितं उभा हाय म्हणून.”

चाचा नुसते उभे असण्याचा एवढा धाक कशाचा, हे धैर्यशीलला माहीत होतं. तालुक्याला माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी चेअरमनच्याच गोठ्यातला कॅन त्यांनी चेअरमनच्या समोर माघारी धाडला होता. झाकण उघडलं, वाकले, उठले, म्हणाले, “साहेब, हे तुमच्या घरी कढीला वापरा.” त्या दिवसापासून गाडीवाले डॉकला लागण्याआधी विडी विझवायचे.

उतरवलेल्या कॅनला बटण होतं. न उतरवलेल्याला नव्हतं.

एवढं साधं. आणि दोन लाख तेवीस हजार ओळी वाचणाऱ्या पोराला ते दिसलं नाही, कारण ते कुठल्याच ओळीत लिहिलेलं नव्हतं. आणि ज्याला दिसत होतं, तो गप्प होता. यात कोण मोठा गाढव, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

धैर्यशील उठला. दोन येरझाऱ्या घातल्या. मोडलेली गोष्ट सापडली की त्याला बरं वाटायचं. मोडल्याचं दुःख नंतर.

“ठीक आहे. सुटला प्रश्न. पायरी परत जोडतो, दोन मिनिटांचं काम आहे. न उतरवलेल्या कॅनलाही एक बटण टाकतो. आणि उद्यापासून तुम्ही परत उभे. मी बैठकीत सांगतो, आकडा बरोबर होता, अर्थ चुकला. हा कागद फाडतो.”

“फाडू नको.”

“का?”

“दोन पेले आण. एकात आजचं चांगलं दूध घे. एकात लॅबमध्ये परवाचा आंबट नमुना ठेवलाय, तो घे. मला सांगू नको कुठला कशात.”

धैर्यशील गेला. जाताना त्याची पावलं हलकी होती. म्हातारा आता नाकाची करामत दाखवणार, आणि शेवटी ती विद्या देणार, असं त्याला वाटलं. तीन वर्षं तो याचीच वाट बघत होता.

तो परत आला. दोन्ही स्टीलचे पेले त्यानं फरशीवर ठेवले. दोन्ही पांढरे. दिसायला काही फरक नाही.

चाचा वाकले. डोळे मिटले. पहिल्या पेल्यावर नाक धरलं, मग दुसऱ्यावर. तेच वाकणं, तेच थांबणं, जे बघून तीस गावांचे गाडीवाले श्वास रोखायचे.

मग त्यांनी डावीकडचा पेला उचलला आणि धैर्यशीलच्या हातात दिला.

“हा चांगला. पी.”

पेला ओठांपाशी गेला आणि थांबला. आंबूस, कुबट भपकारा थेट डोक्यात गेला.

डावीकडचा पेला लॅबमधला होता.

धैर्यशीलनं चाचांकडे बघितलं. गुरू लोक असले खेळ करतात, हे तो ऐकून होता. विष दूध म्हणून देतात, आणि चेल्यानं त्यातून काहीतरी समजून घ्यायचं असतं.

“यात काही अर्थ आहे का, चाचा?”

“न्हाई.”

“मग?”

“मला वास येत न्हाई.”

धैर्यशीलनं पेला खाली ठेवला. हळूच. जणू तो फुटणार होता.

“कधीपासून?”

“करोनात. ताप उतरला, वास आला न्हाई. चार वर्षं झाली.”

“म्हणजे मी आलो तेव्हा… माझे दोन लाख तेवीस हजार…”

“सगळे बिनवासाचे.”

“म्हणजे माझा आकडा बरोबर होता! ती पायरी खरंच काही करत नव्हती!”

“बरोबर होता.”

“आणि काढली तर टाकी फाटली.”

“फाटली.”

“कसं काय?”

चाचांनी खांदे उडवले. “तू शिकलेला. तू सांग.”

धैर्यशील फरशीवर बसला. राग गेला नव्हता. फक्त कुणावर टाकायचा ते ठरत नव्हतं. शेवटी नेहमीच्याच जागी टाकला.

“तेव्हाच का नाही सांगितलं? निदान डॉक्टरकडे तरी जायचं.”

“तालुक्यात नाकाचा डॉक्टर एकच. त्याच्या बाकड्यावर आपले निम्मे गाडीवाले. मी त्या बाकावर बसलो असतो, तर दुसऱ्या दिवशी पोत्याखालचे सगळे कॅन डॉकवर आले असते.”

“म्हणजे संघासाठी गप्प बसलात?”

“तसं सांगायला बरं वाटतं.”

“मग कशासाठी?”

“तोऱ्यासाठी.” चाचांनी पायातल्या चपला सारख्या केल्या. “तीस वर्षांचं नाक. मी आलो की माणसं विडी विझवायची. तेवढंच होतं माझ्याकडं.”

“आणि मला शिकवलं नाही ते?”

“शिकवताना कळलं असतं तुला.”

धैर्यशीलला एक शिवी आली. ती त्यानं दिली. मोठ्यानं. चाचांनी ती प्रसादासारखी घेतली.

“पेन दे,” ते म्हणाले.

“कशाला?”

“दे.”

त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि एकेक अक्षर पाडत सही केली. वाळण्यासाठी फुंकर मारली. मग तो धैर्यशीलच्या हातात दिला.

“आता दोन्ही तुझ्याकडं हाय. हा कागद, आन् माझं नाक.”

पावणेबारा.

धैर्यशील कागदाकडे बघत राहिला. सरळ हिशेब होता, आणि हिशेब त्याला येत होता. कागद दिला की तो सुटला. भिंतीवर त्याचा डॅशबोर्ड राहिला. म्हातारा घरी गेला. आणि ते सहा कॅन रोज येत राहिले, उद्या सहाचे साठ झाले.

कागद खिशात ठेवला की चाचा उद्या परत डॉकवर. पोत्याखालचे कॅन पोत्याखाली. आणि नाव धैर्यशीलचं. भिंतीवरचा तो मोठा पडदा उतरवायला शिपाई आला असता, आणि पाहुण्याला थेट चहा मिळाला असता.

वर केबिनमध्ये खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

“चाचा.”

“बोल.”

“मी गप्प बसलो तर हा डॉक चालेल?”

“चालंल.”

“आणि कुणाला सांगता येणार नाही. कधीच. मी बरोबर होतो, हेसुद्धा नाही.”

“न्हाई.”

त्यानं कागदाची घडी घातली. एक. मग दुसरी. शर्टाचा वरचा खिसा उघडला. हात तिथंच थांबला.

“एवढं सांगा. लपवून नका सांगू. चार वर्षं गप्प बसून तुमचं काय गेलं?”

चाचांनी टेकडीकडे बघितलं. तिथल्या दर्ग्याची दिवाबत्ती सात पिढ्या मुजावरांच्या घराकडे होती…

“औंदा गुपचूप पुण्याला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाला, पहिल्या वर्षातच आला असतात तर वास परत आला असता. दर गुरुवारी दर्ग्यात ऊद घालतो. नुसता धूर दिसतो.”