पाटा आणि गोडबोल्या हंडा

फार मागची गोष्ट. तेव्हा भांडी बोलायची आणि माणसं जरा कमी बोलायची.

गोदाकाकींच्या चुलीजवळच्या कोपऱ्यात एक पाटा होता. वर्षानुवर्षं वाटून तो पार गुळगुळीत झाला होता. त्या दिवशी दारात टाकीवाली आली. ती छिन्नीनं पाट्याला नव्या खाचा पाडून देई.

तिची हाक ऐकून ओसरीवरचा पितळी हंडा म्हणाला, "पाटेराव, तोंडावर पुन्हा देवीचे वण कशाला? आत्ता कुठं चार भांड्यांत शोभायला लागलात. पालथे पडा, म्हणजे ती निघून जाईल."

पाट्याला गोड वाटलं, पण संशयही आला. ज्यानं कधी सरळ नावानं हाक मारली नाही, तो आज राव म्हणतो?

"वरवंट्या, ह्याच्या पोटात काय आहे रे?"

"पाणी," वरवंटा म्हणाला. "पण डोळा तुझ्या कोपऱ्यावर आहे. काल मिरची तुझ्यावरून घसरली, तेव्हा काकी म्हणाल्या, हा आता न्हाणीत टाकते, धुणं आपटायला. त्यानंही ऐकलंय ते."

पाट्यानं हंड्याला विचारलं, "मी न्हाणीत गेलो, तर इथं कोण बसेल हो?"

हंड्यातलं पाणी हिंदकळलं. "छे छे, माझ्या तसं मनातही नव्हतं."

पाटा पालथा पडला नाही. छिन्नी बसली तसा कण्हला, पण जागचा हलला नाही. दुपारी त्याच्यावर मिरची-लसूण वाटला, तेव्हा ओसरीपर्यंत ठसका गेला.

पुढं हंड्यानं त्याला कधी राव म्हटलं नाही. पाट्याची त्याबद्दल तक्रार नव्हती.