मुळीकशेठचं मशीन आणि मालतीबाईंची पेन्सिल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मुळीकशेठच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक महागाचं मशीन घेतल्याशिवाय सहसा बाहेर पडत नसे. एकदा तिथे मालतीबाई चौगुले आल्या. त्या घरी लाकडी खेळणी करत. हातातल्या ड्रिलने चाकाला पाडलेलं भोक तिरकं जाई, गाडी लंगडत चाले आणि गिऱ्हाइकं परत आणून देत. म्हणून त्यांना टेबलावर बसणारं, परवडेल असं उभं ड्रिल मशीन हवं होतं.

शेठनी दारातलं सगळ्यात मोठं मशीन दाखवलं. दर खंडेनवमीला हार घालून, हळदीकुंकू वाहून त्याला देवाची कळा आली होती.

"काकू, डोळे मिटून हे घ्या. कोपऱ्यातल्या त्या धाकट्या मशीनचं टोक फिरताना डुलतं, भोक वाकडं पडतं. बायकांना मशीनमधलं कळत नाही, म्हणून सांगतो."

दुकानातले चारजण हसले. मालतीबाईही हसल्या. त्यांनी पिशवीतून पेन्सिलीचा तुकडा काढला.

"भोक पाडणाऱ्या टोकाच्या जागी हा बसवा, मशीन चालू करा आणि कागदाला हळूच टेकवा. कुणाचं टोक डुलतं ते कागदच सांगेल. आधी धाकटं, मग थोरलं."

धाकट्याने कागदावर बारीक ठिपका उमटवला. थोरल्याने चांगलं गोल कडं काढलं.

शेठ पुटपुटले, "याच्यावर आजवर कुणी काम केलेलं नाही, नुसती पूजाच होते."

"मग पूजाच चालू ठेवा, शेठ," मालतीबाई म्हणाल्या. "मला टिकली हवी आहे, हे बांगडी काढतंय. थोरल्याला हार घाला आणि धाकट्याला रिक्षात घाला."