पोटभर माती

त्या राज्यात कुंड्या पुष्कळ होत्या, पण माती एकाच कुंडीत होती. त्या मातीत एक जास्वंद उभी होती, आणि जास्वंदीच्या सावलीत, तिच्या मुळांच्या आधाराने, गांडुळांची वस्ती नांदत होती. वस्तीला कायदे फार नव्हते. जिथे माती खायची तिथेच ती टाकायची, एवढा एकच रिवाज सगळे पाळत. त्यामुळे पिढ्यानपिढ्या खाऊनही माती तसूभर कमी झाली नव्हती.

पुढे वस्ती वाढली. वर जाऊन गळलेली पानं खाली ओढून आणण्याचा सगळ्यांना कंटाळा येऊ लागला. माती घट्ट झाली, पाणी वरच्या वर साचू लागलं, आणि जो तो शेजाऱ्याला दोष देऊ लागला. माती पुन्हा भुसभुशीत करणं अवघड नव्हतं. पण ते काम खाली मान घालून करायचं होतं, आणि त्यात नाव होत नव्हतं.

अशा दिवसांत नवलाजी नावाचं एक तरणं गांडूळ कुंडीच्या काठावर चढून आलं. गांडुळांना डोळे नसतात, तरी आपण पलीकडचं सगळं पाहिलं असं त्याने ठासून सांगितलं.

"ओळीने कुंड्या आहेत. अगदी कोऱ्या. ना गर्दी, ना मुळांची अडचण!"

"आणि माती?" भुईआत्याने विचारलं. ती वस्तीतली सगळ्यांत म्हातारी. निम्मी वस्ती तिच्याच अंड्यांतून निघालेली. तिने घातलेली शेवटची अंडी आता जास्वंदीच्या मुळाशी होती, आणि ती फुटेपर्यंत त्यांना ओल हवी होती.

"माती काय, पोटातून नेऊ की!" नवलाजी म्हणाला. सगळ्यांना हा विचार फारच पटला.

मग जाणाऱ्यांची रीघ लागली. निघण्याआधी प्रत्येक जण तट्ट फुगेपर्यंत माती खाई. मागे राहिलेले त्यांना काठापर्यंत पोचवायला जात आणि परतताना आपली पाळी कधी येणार याचीच चर्चा करत. वाटेत उन्हाने वाळून मेले त्यांना हुतात्मे म्हणण्यात आलं. त्यांच्या पोटातली माती मात्र मागून येणाऱ्यांनी काढून घेतली.

भुईआत्या काठाशी जाऊन एकेकाला विनवू लागली. "जा रे बाबांनो, सुखाने जा. पण पोट इथे रिकामं करून जा. माझी अंडी उघडी पडतायत."

"आत्या, उपाशीपोटी कुणी प्रवासाला निघतं का?" नवलाजी हसून म्हणाला. "आणि आम्ही काय तुला विसरणार आहोत? तिकडे जम बसला की तुलाही नेऊ. अंड्यांसकट!"

माती उतरत गेली. आधी जास्वंदीची बारीक मुळं उघडी पडली, मग जाड. कळ्या न उमलताच गळू लागल्या, पानं पिवळी झाली, आणि सावली होती तिथे ऊन आलं. बरं, नव्या कुंड्यांत तरी काय सुख होतं? तळाशी मातीचा पातळ थर आणि वर रणरणतं ऊन. पाणी पडलं तर तळाच्या भोकातून निघून जाई. पान गळायला झाडच नव्हतं. तीच ती माती खाऊन खाऊन तिची राख झाली. प्रत्येक कुंडीला त्यांनी 'नवी जास्वंद' असं नाव मात्र दिलं होतं.

शेवटी जुन्या कुंडीत भुईआत्या एकटी उरली. उरलीसुरली माती तिने अंड्यांभोवती गोळा केली, ती वाऱ्याने उडू लागली. मग स्वतःच्या पोटातली होती नव्हती तेवढी तिने अंड्यांवर घातली. तीही सुकली. तेव्हा ती अंड्यांना विळखा घालून पडून राहिली. तिच्या अंगाला अजून ओल होती, आणि साऱ्या राज्यात ओली अशी तेवढीच एक जागा शिल्लक होती. विळख्याच्या आत एक अंडं हललं. तिला रडू फुटलं. आता थोडकंच राहिलंय, आता थोडकंच, असं ती स्वतःला सांगत राहिली.

भर दुपारी काठावर सरपटण्याचा आवाज झाला. नवलाजी परत आला होता, आणि त्याच्या मागे लांबच लांब रांग होती. सगळे सुकून सुतळीसारखे झाले होते. भुईआत्याने हाक मारायचा प्रयत्न केला, पण आवाज निघेना. पोरं माती घेऊन आली, एवढंच तिच्या मनात आलं. त्यांना ती अंड्यांवर घालता यावी म्हणून तिने विळखा जरासा सैल केला.

नवलाजी मुळांमधून चाचपडत खाली उतरला. कोरड्या तळावरून फिरता फिरता त्याचं तोंड मऊ, गार, ओलसर अशा कशाला तरी लागलं. त्याने एक घास घेतला आणि आनंदाने मागे वळून ओरडला, "या रे, लवकर या! इथे अजून शिल्लक आहे!"

रांग भराभर खाली उतरू लागली.