भैरवीनंतरची गाडी

एकदा एका आडगावच्या संगीत महोत्सवाची धुरा वृद्ध गुरुजींनी आपल्या शिष्याकडे सोपवली. गावची संध्याकाळची गाडी बंद पडल्यापासून श्रोते घटत चालले होते. शिष्याने रेल्वेच्या कचेरीत खेटे घालून महोत्सवासाठी जादा गाडी मिळवली. रविवारी दुपारी, अखेरचे सत्र संपताच ती सुटणार होती. मंडप तुडुंब भरला आणि शिष्य हवेत तरंगू लागला.

परंतु वृद्ध गायिकेने भैरवी आरंभताच चुळबुळ सुरू झाली. कोणी चपला शोधू लागले, कोणी पोरांना हाका मारू लागले. गाडीत जागा धरायची म्हणून निम्मा मंडप उठला. बाईंनी तंबोरे थांबवले.

"गुरुजी, रिकाम्या सतरंज्यांपुढे मी पुन्हा गाणार नाही," एवढेच त्या म्हणाल्या. गुरुजींची मान खाली गेली.

पुढच्या वर्षी त्यांनी बाईंना कसेबसे राजी केले आणि शिष्याला सांगितले, "जादा गाडी तासभर उशिरा सोडायला सांग."

"अहो गुरुजी, लोक शिव्या घालतील! भर दुपारी फलाटावर ताटकळत ठेवायचं त्यांना?"

"घालू देत. मी ऐकून घेईन."

त्या वर्षी भैरवी संपेपर्यंत एकही माणूस हलला नाही. तरी शिष्य धास्तावूनच स्टेशनवर गेला. फलाटावर कडुनिंबाखाली जेवणाचे डबे उघडले होते. दोन म्हातारे एका तानेवरून हमरीतुमरीवर आले होते. एक बाई दशम्या वाटता वाटता भैरवीचा मुखडा गुणगुणत होती, जरा बेसूरच.

गुरुजी बाकावर बसले होते. "आमच्या तरुणपणी संध्याकाळपर्यंत गाडीच नसायची रे. सारी दुपार अशीच जायची. त्या दुपारींची फार आठवण येते. मैफल मंडपात संपते, पण मुरते ती इथं. तू माणसांना घरी पोचवायची सोय केलीस, ते चांगलंच केलंस. गाणंही त्यांच्यासोबत पोचायला हवं ना? त्याला थोडा वेळ लागतो."

त्याच गाडीने निघालेल्या गायिकाबाई मागे उभ्या राहून तो बेसूर मुखडा ऐकत होत्या. पदराने डोळे टिपून त्यांनी विचारले, "गुरुजी, पुढच्या वर्षी कधी येऊ?"

गुरुजींनी सरकून बाकावर त्यांना जागा करून दिली. ते हसले.

इतक्यात गार्डने शिट्टी दिली. शिष्याला वाटले, गाडी आजही जरा लवकरच सुटते आहे.