हैबतीने घरी केलेली चिलीम

एका राज्यात कुणाचा शीण उतरत नसे. माणसे निजत, उठत, आणि निजताना जितकी दमलेली असत तितकीच उठतानाही असत. बैल दावणीला बसल्या बसल्या दमत. कोंबडा अर्ध्यातच आरवणे सोडून देई. सात वर्षे असेच चालले होते.

याला कारण राजा मणिभद्र. त्याच्या दरबारी एकदा धूम्रकेश नावाचा मायावी आला. त्याच्याजवळ एक लाकडी चिलीम होती. वर तमाखूची वाटी, बाजूला ओढायची नळी, सारे एकाच लाकडात. तिचा धूर ज्याच्या अंगावरून जाई त्याचा शीण निघून जाई. राजाने ती हिसकावली आणि खजिन्यात ठेवली. तशी दुसरी कुणी करू नये म्हणून लाकूड कातणाऱ्या साऱ्या कातारी लोकांची हत्यारे त्याने आपल्या कारखान्यात आणवली आणि त्यांवर आपली मुद्रा ठोकली. त्याच क्षणी खजिन्यातल्या चिलमीचा निखारा झाला. मायावी म्हणाला, "आता या राज्यात कुणाचा शीण उतरणार नाही. आपल्या घरी, आपल्या हत्यारांनी केलेली चिलीम कुणी मला देईल आणि तिचा धूर मोकळा येईल, तेव्हाच शाप सुटेल."

एवढे बोलून तो राजवाड्याच्या पायरीवर बसला, तो उठलाच नाही. त्याचा शाप त्यालाही लागला होता.

राजाने कारखान्यातून शेकडो चिलमी करवून त्याच्याकडे पाठवल्या. एकीचाही धूर मोकळा आला नाही. हत्यारे परत द्यावीत म्हटले तर मुद्रा काही पुसली जाईना. आणि घरी नवी हत्यारे मांडायची, तर तेवढे त्राण कुणात उरले नव्हते.

त्या कारखान्यात हैबती नावाचा एक कातारी होता. त्याची बायको भामा नऊ दिवस अंथरुणावर होती. डोळे अर्धे उघडे, मुठी आवळलेल्या, झोप नाही आणि जागही नाही. वैद्य आला, तिच्याशेजारी जमिनीवरच आडवा झाला आणि म्हणाला, "हैबती, अमावास्येपर्यंत हिचा श्वाससुद्धा दमेल. मग तो थांबेल."

अमावास्येला पाच दिवस होते.

हैबती पडवीत येऊन बसला. खांबावर एक सुतारपक्षी ठोके देत होता. त्याने मान वळवली.

"कातारी, हात रिकामे का?"

"हत्यारं राजाकडे आहेत."

"माझं बघ. तोंडावरच आहे, म्हणून राजाला नेता आलं नाही. तू नवी कर."

"कशाची करू?"

"राक्षसाचं लोखंड, चेटकिणीचा दोरा आणि न तोडलेलं लाकूड. तिन्ही वस्तू मागून आण. हिसकावू नकोस. हिसकावल्याचं काय झालं ते सात वर्षं बघतोयस."

हैबतीला उठावेसे वाटत नव्हते. तो उठला.

डोंगरावर राक्षस होता. तो गुहेच्या तोंडाशी पाय पसरून पडला होता. त्याच्या पायाची नखे लोखंडी होती आणि वाढून तळव्यात रुतली होती.

"खाऊ का तुला?" राक्षसाने विचारले.

"खा."

"राहू दे. चावायचा कंटाळा येतो. वाकवत नाही रे मला. एवढं नख काढ."

हैबतीने दिवसभर दगडाने घासून नख तोडले. ते वीतभर लांब आणि टोकदार होते. राक्षस म्हणाला, "घेऊन जा. सात वर्षांनी पाय धड टेकला."

नदीकाठी चेटकीण होती. तिचे केस पाण्यात पसरले होते आणि त्यांत गुंताच गुंता होता.

"भावा, फणी आहे?"

"नाही, ताई. बोटं आहेत."

"मग बस. आणि ओढलंस तर बेडूक करीन."

दुसरा दिवस गुंता सोडवण्यात गेला. तिने एक केस उपटून दिला. तो कशानेही तुटत नसे.

रानात एक जुने शिसवीचे झाड होते. ते म्हणाले, "माझी ही फांदी फार जड झाली आहे. टेकू लाव." हैबतीने टोकाला दुभंगलेली दोन लाकडे आणून टेकू लावला. झाडाने सुस्कारा सोडला, आणि खोडावरची एक गाठ आपोआप खाली पडली. तिसरा दिवस संपला.

चौथ्या दिवशी त्याने पडवीत हत्यारे मांडली. राक्षसाचे नख बांबूच्या दांड्यात बसवले. वेताच्या कमानीला चेटकिणीचा केस ताणून बांधला आणि त्याचा एक वेढा दांड्याला दिला. कमान पुढे-मागे ओढली की दांडा गरगर फिरे आणि नख भोक पाडी. दांड्याच्या डोक्यावर दाबायला नारळाची करवंटी ठेवली. लाकूड धरायला छातीइतका उंच ओंडका उभा केला, कारण कारखान्यात तसाच असे. लाकूड तासायला स्वयंपाकघरातला कोयता होता. राजाने तो नेला नव्हता.

गाठीतून तीन ठोकळे निघाले.

पहिला ठोकळा त्याने कारखान्याच्या रीतीने केला. तिथे आधी रूप देत, मग भोक पाडत, कारण मुकादमाला संध्याकाळी काहीतरी देखणे दाखवावे लागे. हैबतीने चिलीम गोल, गुळगुळीत घडवली. मग नख लावले. गोल लाकडावरून ते घसरले आणि भलत्याच बाजूने बाहेर आले.

"छान," पक्षी म्हणाला. "मुकादम खूश झाला असता."

हैबतीला कळले. त्याने दुसऱ्या ठोकळ्याला रूप न देता, चौकोनीच ठेवून, त्यावर कोळशाने दोन रेघा आखल्या. एक वरून वाटीची, एक बाजूने नळीची. आधी भोके, मग रूप. पण अमावास्या उजाडली होती. आतून भामाचा श्वास अडखळत ऐकू येत होता. त्याने घाई केली, उभ्याने सगळा जोर लावला, आणि ठोकळा उभा चिरला.

एकच उरला.

त्याच्या अंगात आता जोर नव्हताच. उभे राहवेना. त्याने ओंडका आडवा पाडला, त्यात ठोकळा पाचर मारून बसवला आणि स्वतः जमिनीवर बसला. छाती करवंटीवर टेकली. त्याने जोर लावला नाही, नुसता भार टाकला. सात वर्षांचा शीण त्याने त्या दांड्यावर ठेवला आणि कमान हळू ओढत राहिला. नख रेघ न सोडता उतरू लागले. वरचे भोक झाले. बाजूचे झाले. हैबतीने फुंकर मारली. तिसऱ्या प्रहरी पहिल्यांदा वारा या तोंडाने आत गेला आणि त्या तोंडाने बाहेर आला.

मग त्याने कोयत्याने जेमतेम रूप दिले. चिलीम ओबडधोबड होती.

ती घेऊन तो राजवाड्याच्या पायरीपाशी गेला. मायावीने ती हातात फिरवून पाहिली.

"दिसायला बरी नाही."

"नाही," हैबती म्हणाला.

मायावीने तमाखू भरली, विस्तव ठेवला आणि ओढली. धूर मोकळा आला. निळसर धूर पायऱ्या उतरला, रस्त्यांवर पसरला. पहारेकरी भाल्याला टेकून झोपले. बैलांनी माना जमिनीला टेकवून डोळे मिटले. राजा सिंहासनावर तोंड उघडे टाकून झोपला. खजिन्यातला निखारा विझून राख झाला. मायावी चिलीम घेऊन उठला आणि वेशीबाहेर निघून गेला.

हैबतीचे डोळे मिटत होते. आपल्याच गालफडात चापट्या मारत तो झोपलेल्या गावातून घरी आला. दारात थबकला. आतला अडखळता श्वास ऐकू येत नव्हता.

तो आत गेला. भामाच्या मुठी उघड्या होत्या. डोळे पूर्ण मिटलेले होते. आणि तिने चक्क घोरायला सुरुवात केली.

हैबती तिच्याशेजारी आडवा झाला.

राज्य तीन दिवस झोपले. चौथ्या सकाळी कोंबडा शेवटपर्यंत आरवला. कारखान्यातल्या हत्यारांवरच्या मुद्रा नाहीशा झाल्या होत्या. राजा मणिभद्र शरमला. त्याने ज्याची त्याची हत्यारे घरोघर पोचवायला सांगितली, आणि हैबतीची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो निघाला.

पडवीत भामा भुसा झाडत होती. राजाला पाहून तिने तोंडावर बोट ठेवले.

"महाराज, हळू. ते अजून उठले नाहीत. पेटी तिथं कोपऱ्यात ठेवा, आणि वाजवू नका."

राजाने जोडे काढले आणि पेटी अलगद खाली ठेवली.