घाटावरचे गोल गोटे

“एकशे आठवा गोटा मिळाला की काय होणार, ते सांग आधी.”

आबा गोसावींनी असं विचारलं तेव्हा शेवटचा गोटा माझ्या मुठीत होता. नुकताच पाण्याच्या कडेला सापडलेला. आणि नवस मी तोवर कुणालाच सांगितला नव्हता.

नवस असा होता. टाकी न लागलेले, पाण्यानंच गोल केलेले एकशे आठ गोटे वेचीन. घाटावरच्या महादेवाच्या ओवरीत मांडीन. दर सोमवारी त्यांना दुधाचा अभिषेक करीन. आणि महादेवानं माझं एवढंच ऐकावं...

“एवढंच म्हणजे काय?”

“माझा भाऊ दिगंबर माझ्या दारात यावा. त्यानं पाय धरून माफी मागावी.”

आबा घाटावरच्या मठीत तीस वर्षं राहिलेले. रागीट म्हणून पाच गावांत नाव. लोक त्यांच्याकडे अंगारा मागायला यायचे आणि शिव्या घेऊन जायचे.

“भावानं केलं काय?”

“नाना गेले ते मला कळवलं नाही. नानांनी त्याच्याकडे राहायचं का माझ्याकडे, यावरून आमचं बिनसलेलं. कबूल. पण बाप गेल्यावरसुद्धा? बाराव्या दिवशी कासारणीनं सांगितलं मला, आबा. मी तिच्यापुढे हात धरून हिरव्या बांगड्या भरून घेत होते!”

आबांनी माझ्या मुठीकडे पाहिलं.

“वर्ष झालं. माझा राग सुईच्या टोकाएवढासुद्धा कमी झालेला नाही. आज गोटे पुरे झाले. आता सांगा, तो येईल ना?”

आबा उठले. वाळवंटात गेले आणि मूठभर दगड उचलून माझ्यापुढे टाकले.

“बघ.”

“काय बघू?”

“डोळे आहेत ना? बघ.”

सगळे चपटे. भाकरीच्या तुकड्यांसारखे. एकही गोल नाही.

“या घाटाला नदी गोल गोटा करत नाही,” आबा म्हणाले. “गोल गोटा वर ओढ्यात मिळतो. मसणवटीला लागून आहे तो ओढा.”

“मग हे इथं कसे आले?”

“आणलेले. चितेभोवती फिरताना खांद्यावरचं मडकं फोडायला लोक ओढ्यातला गोटा उचलतात. दहा दिवस जपतात. दहाव्याला पिंड ठेवून झाला की इथं पाण्यात टाकतात. नदी उन्हाळ्यात ओसरते, मग कडेला दिसायला लागतात.”

माझी मूठ आपोआप उघडली.

जीवखडा. गेलेल्याचा जीव दहा दिवस ज्यात असतो म्हणतात, तो. शब्द ऐकलेला होता. पाहिला कधीच नव्हता. आमच्याकडे बायकांनी दहाव्याला वरच्या पायरीवर थांबायचं, पाण्याशी उतरायचं नाही.

“म्हणजे मी वर्षभर देवाच्या ओवरीत...”

“लोकांची माणसं मांडलीस.”

“आणि दूध...”

“त्यांनाच घातलंस.”

माझ्या अंगाची आग झाली. मी आयुष्यात कधी साधूसंतांवर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

“तुम्ही दर सोमवारी या पायरीवर बसून बघत होता! तोंड शिवलं होतं का तुमचं?”

“बघत होतो.”

“मग बोलला का नाहीत?”

“धार छान धरायचीस. बारीक. एकालाही वगळायची नाहीस.”

“थट्टा करू नका, आबा!”

“थट्टा कोण करतंय?”

नदीवर टिटवी ओरडत गेली. मी ओवरीकडे पाहिलं. ओळीनं मांडलेले एकशे सात गोटे. काळे, सावळे, काही अजून दुधानं ओशट. नानांचे दिवस याच घाटावर झाले होते...

“आबा. यात नानांचा असेल?”

“असेल.”

“कुठला?”

“मला काय ठाऊक? तुला तरी वेगळा वाटला का कुठला?”

मी ओळीवरून नजर फिरवली. सगळे सारखेच.

आबाच पुढे म्हणाले, “दहाव्याला दिगंबर इथं दुपारपर्यंत उभा होता. डोक्यावर ऊन. कावळा शिवेना. ह्यानं कबूल करून बघितलं, त्यानं कबूल करून बघितलं. दिगंबरच्या तोंडून तुझं नाव काही निघालं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.”

“शिवला नाही ना? बघा! बघा आबा, नाना माझ्यासाठी अडले होते! मी म्हणत होते की नाही?”

“खूश झालीस?”

...

बाप उपाशी राहिला होता आणि मी टाळी वाजवायचीच बाकी होती.

“झाले,” मी म्हणाले. खोटं बोलायला जागाच नव्हती.

आबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्या हातातला गोटा हिसकावला. दोन पावलं पुढे गेले आणि सगळी ताकद लावून, दातओठ खाऊन, तो नदीत भिरकावला. मधल्या डोहात पाणी उडालं.

मी ओरडले. “अहो! तोच नानांचा असला तर? असा रागानं टाकतात का कुणी?”

आबांनी ओवरीतला दुसरा गोटा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

“तुझ्या भावानंही असाच टाकला होता. रागानं टाकला तरी पोचतो, बाई. चल, तूही टाक.”