मगरीची शोकसभा

तळी बोलत असत त्या काळची ही गोष्ट. एका काळ्याशार तळ्यावर मगरीचं राज्य होतं. रोज कोणीतरी नाहीसं होई, आणि संध्याकाळी मगर शोकसभा भरवून ढसाढसा रडे. सगळे माना खाली घालून ऐकत.

एके दिवशी रावबा बेडकाचा भाऊ नाहीसा झाला. सभेत रावबा हात जोडून म्हणाला, "राणीसरकार, यापुढे आधी रडा, मग जेवा. म्हणजे जाणाऱ्यालाही आपली माया कळेल."

कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळं तळं हसलं.

मगर हसली नाही. ती रावबाकडे एकटक बघत राहिली, आणि तिचे डोळे हळूहळू भरून आले.

हसू थिजलं. तेवढ्यात म्हातारी कासवीण रावबाच्या पुढे येऊन थांबली.

"आधी माझ्यासाठी रडा, सरकार."

तिच्यामागोमाग एकेक करत सगळे मासे आले. इतक्या जणांसाठी मगरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.